भर दुपारचा सराव

नाय, बारा वाजता नाय. बद्रीनाथराव, बारा वाजता मी दारातलं कुत्रंबी उन्हात हाकलत नाय, आन् तुम्ही मला पोटची पोरगी पळवा म्हणता. — व्हय, ऐकलं. करमाडहून आलात, जूनात पोलीस भरती आहे, पोरीचं आठशे मीटर चार सेकंदानं हुकतंय, मैदानावर नंबर यायला दुपार होती म्हणून दुपारचीच सवय करायची. ऐकलं सगळं. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतंच इथं हर्सूलला, 'कारभारी मास्तर, तुम्ही लई पोरं भरती केली' म्हणत. पहिलं तिला आत घ्या. तिकडं गाडीपाशी उन्हात उभी कामून? लाजती? मग सावलीत लाजू द्या की. — ये बाई, त्या माठाजवळ बस. पाणी घे. घोट घोट घे, गटागट नको. — बापाकडं काय बघती? पाणी प्यायला बापाची परवानगी लागती व्हय?

आन् हे अंगात काय घातलंय तिच्या? रेनकोट? मे महिन्यात? — घाम निघाला की वजन उतरतं. कोण म्हणालं? अकादमीतले सर. बरं. मला ना, ह्या सर लोकांची किळस येती, तोंडावर सांगतो. गळ्यात शिट्टी अडकवली की झाला सर. अहो, घाम वाळतो तेव्हा अंग निवतं, एवढं साधं आहे, आन् तुम्ही वरून प्लास्टिक गुंडाळून पोरगी उकडायला लावता. मी मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला. माझा बाप अकराला मेंढरं झाडाखाली घालायचा, चारशिवाय उठवायचा नाय. सावली नसली तर मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकं खुपसून उभी राहतात, बघितलंय का कधी? जनावराला कळतं. काढ बाई तो रेनकोट, टाक तिकडं. — आन् खिशात काय फुगलंय? दाखव. — कांदा. वाटलंच मला.

कुणी दिला, आईनं? तिला बोल नाय लावत. माझ्या घरातूनबी कांदा दिल्याशिवाय कुणी बाहेर पडत नव्हतं. जवळ कांदा असला की ऊन बाधत नाय — आपल्या बापजाद्यांनी हेच केलं, पण ते कांदा घेऊन बाजाराला जायचे हो, चालत, डोक्याला पटका बांधून, झाडाझाडाला थांबत. कांदा घेऊन पळत नव्हते. आपण काय केलं, कांदा खिशात घातला आन् वाटलं झालं, आता काय फिकीर नाय, पळवा कितीबी. तिथंच चुकतं सगळं. इथला एक बाप होता, तुमच्यासारखाच. नाव कशाला पायजे. पोरगी लई गुणी, तीन सेकंद कमी पडत होते. हा दुपारी तिला तलावाच्या रस्त्यानं पळवायचा — ती पुढं, हा मागं मोटारसायकलवर, हातात घड्याळ. पाणी द्यायचा नाय. पळताना पाणी पिलं की पोटात कळ येती, असं ह्याचं शास्त्र. पाचव्या दिवशी पोरगी म्हणाली, थंडी वाजती. भर मे महिन्यात. अंगावर काटा, हात लावला तर चटका बसंल असं आन् कोरडं ठक्क. हा गडी खूश — ऊन लागंना झालं, सवय झाली म्हणून. मग ती वाकडी पळायला लागली, काहीबाही बोलायला लागली, मला आई म्हणाली —

काय?

त्याला. त्याला म्हणाली, असं म्हणालो मी.

...बरं. मला म्हणाली. माझीच होती. बाना. रस्त्याच्या कडंला खाली बसली, आन् मी हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. मला नाटक वाटलं. लोकांनी उचलून सावलीत नेली, ओल्या धोतरात गुंडाळली, दवाखान्यात नेली, पण दिवस मावळला नाय तोच गेली. आन् किळस कशाची येती सांगू का, दहाव्याला माझा साडू मुंजाबा जवळ सरकला आन् म्हणाला, दाजी, कांदा लाल होता का? उन्हाला पांढरा लागतो. आन् मी मान डोलावली. पोरगी गेलेली, आन् मी तिथं बसून लाल का पांढरा ह्याचा विचार करतोय. नुसता विचार नाय — घरी आलो आन् बायकोला बोललो, तू लाल कामून दिलास. सहा महिने बोललो. पुतळाबाईनं उलट उत्तर केलं नाय. आत आहे ती, हे ऐकतीय. अकरा वर्षं झाली, माझ्याशी कामापुरतंच बोलती. मी आरशात बघून दाढी करत नाय, बद्रीनाथराव, तुम्हाला काय सांगू.

तर पळवीन मी तुमची पोरगी. पहाटं साडेपाचला, सात वाजता बंद. पहिले आठ दिवस निम्मंच अंतर, दम कितीबी असू दे. सैल सुती कपडा, डोक्याला ओला रुमाल, दर फेरीला मीठ-साखरेचं पाणी. डोकं दुखलं, मळमळलं, थंडी वाजली की त्या दिवशी सराव नाय. वर्ष हुकलं तर हुकलं. आन् दुपारी नंबर लागला तर लागला, सावलीत बसून वाट बघायची, पळायचं तेवढीच तीन-चार मिनिटं. तुम्ही पोरीला फाटकापाशी सोडायचं आन् माघारी फिरायचं. मैदानात यायचं नाय. — राग आला? येऊ द्या. मला माझाच येतो.

आन् पोरी, तू इकडं बघ. जीव घाबरला की जिथं असशील तिथं थांबायचं. बापाला विचारायचं नाय, मलाबी विचारायचं नाय. आम्हाला दोघांनाबी त्यातलं काही कळत नाय. — हं. आता पाणी घेताना बापाकडं बघितलं नाय. शिकली.

नाय, आता निघू नका. ऊन उतरल्यावर निघा, चार-साडेचारला. तोवर बसा तिथं सावलीत. आन् माझ्याशी बोलू नका, माझं बोलून झालं.