एकशे अठरा पुड्यांचं उद्यापन

मंडळी, ऐका! चार वर्षांपूर्वी मला एक पोस्टकार्ड आलं, आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. बुवा म्हणवणाऱ्यानं असं करू नये. पण केलं! त्या कार्डात जो प्रश्न होता, तोच आजच्या आख्यानाचा प्रश्न — माणूस देवापुढे उभा राहून 'सोडलं' म्हणतो, तेव्हा ते खरंच सुटलेलं असतं का?

उद्या एकादशी. चातुर्मास बसतो. याच गाभाऱ्यापुढे तुम्ही एकेक जण काहीतरी सोडणार. कोणी वांगं, कोणी कांदा-लसूण. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी पडवळ सोडलं! मी विचारलं, 'फार आवडतं का?' म्हणाले, 'छे! तोंडात घालवत नाही!' — घ्या!

मी काही गाजलेला बुवा नव्हे. पोथ्यांत डोकं खुपसून बसणारा माणूस. समोर चार माणसं दिसली की जीभ अडखळते, मग हे पेटीवाले धोंडोपंत सूर धरून मला सावरतात. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

कृष्णाकाठी एक गाव. नाव सांगत नाही — तुमच्यातच त्यांचे पाहुणे निघायचे! तिथल्या देवळात अंतोबा गुरव सनई वाजवायचे. काय ती सनई! घाईनं बाजाराला निघालेला माणूस पायरीशी थबकायचा. पण गालात कायम सुपारी-तंबाखू. वाजवताना थुंकायची, सनई ठेवली की पुन्हा भरायची. बत्तीस वर्षं! मग तोंडच उघडेना. भाकरीचा घास चपटा करून सारावा लागे. मिरचीचं बोट लागलं तरी आग! तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बोटं उभी तोंडात घाला." किती गेली? दोनसुद्धा नाहीत! "गालात पांढरा चट्टा आहे. आजपासून बंद करा. नाहीतर सनई जाईल — आणि नुसती सनईच जाईल असं नाही."

त्या आषाढीला त्या गावात कीर्तन माझंच होतं. मी म्हणालो, 'आवडतं ते सोडा!' अंतोबा उठले. तुळशीपत्र उचललं. "बुवा, चातुर्मासाला सुपारी-तंबाखू सोडली!" सारं देऊळ 'वा' म्हणालं. मलाही भरून आलं. वाटलं, आपल्या शब्दात काहीतरी आहे! — तिथेच मला माझा संशय यायला हवा होता. कारण त्या घटकेला माझ्या अंगरख्याच्या खिशात — हो, या बुवाच्या खिशात! — तपकिरीची डबी होती.

आता अंतोबांच्या पत्नी, येसाबाई. त्यांचा नवऱ्यावर विश्वास किती? मांजरावर ठेवावा तितका, तोही दूध झाकून! सदऱ्याचे खिसे उलटे केले — काही नाही. अंगठ्याच्या नखात चुना शोधला — नाही. जेवायला वाढताना अगदी तोंडाशी वाकायच्या.

"काय गं, नाक काय लावतीस?"

"आमटीला मीठ लागलंय का बघतीया!"

"मीठ नाकानं बघत्यात व्हय?"

वास नाही! आणि वास नाही म्हणूनच संशय वाढला. बत्तीस वर्षांचं बिऱ्हाड असं गुपचूप उठून जातं होय? त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रोज दुपारी जेवण झालं की अंतोबा नगारखान्यात चढायचे. देवळाच्या दरवाजावरची खोली, नगारा ठेवतात ती. चढायचे, आणि आतून कडी! अर्ध्या तासानं उतरायचे, तेव्हा चेहरा कसा? तृप्त! — तुम्हाला काय वाटलं? तेच येसाबाईंना वाटलं.

आश्विनात त्यांनी मला कार्ड धाडलं. पोस्टकार्डच! म्हणजे आमच्या पोस्टमननं आधी वाचलं. 'बुवा, धन्यास्नी नेम तुम्ही दिलासा. ते नगारखान्यात कडी लावून बसत्यात. देवाच्या दारात खोटं वागत्यात का खरं, मला कळंना. तुमची तपकिरीची डबी मी त्या दिवशी बघितली. ती तुम्ही सोडलीसा का? सोडली असंल तर माणसाला सुटतं म्हणीन, आन धन्यावर इस्वास ठेवीन. उत्तर धाडा.'

पोस्टमन कार्ड हातात देत म्हणतो, "मग काय बुवा? सोडलीत का?"

'सोडली' लिहावं तर खोटं. 'नाही' लिहावं तर त्या घरातला उरलासुरला विश्वास जाणार. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि एक ओळ लिहिता येईना! आणि काय लिहावं ते सुचण्यासाठी मी काय करायचो? तपकिरीची चिमूट ओढायचो!

येसाबाई किती वाट बघणार? कार्तिकी एकादशीच्या आदल्या दुपारी चढल्या वर. दारावर थाप!

"कोण हाय?"

"तुमची बायकू! दुसरी कोन येती व्हय हितं?"

कडी निघाली. नगाऱ्यामागे पत्र्याचा डबा. डब्यात कागदाच्या पुड्या.

"घावलासा! खातासा न्हवं?"

"देवाशप्पथ न्हाई! मोज, एकशे अठरा हायती. रोजची एक बांधतो, वास घेतो, ठेवून देतो. एकबी तोंडाला लावली न्हाई."

"ठेवतासा? कशापायी?"

"अगं, नेम चार म्हैन्यांचा. परवा द्वादशीला उद्यापन झालं की म्या मोकळा! तवर साठलेलं कामी यील."

मंडळी! माणूस खोटं बोलत नव्हता. तुळशीपत्राला जागला होता. पण सोडलं होतं का? अहो, त्यानं देवाला ते सांभाळायला दिलं होतं! रोज जाऊन बघत होता, देवानं नीट ठेवलंय ना!

येसाबाईंचा संशय खोटा निघाला, आणि भीती दुप्पट झाली.

"काल ठेचा खाल्लासा. आग झाली?"

"न्हाई की."

"चार म्हैन्यांत तेवढी थांबली. ती परत घेनार? बरं, उद्यापनाला सोडलेली वस्तू दान द्यायची आसती. द्या मग. कुनाला देता? जावयाला देता?"

"जावयाला? काय बोलतीस! इख का कुनी जावयाला देतं?"

आणि मंडळी, अंतोबांचा हात डब्यावरच राहिला. चार महिने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बुवानं सांगितलं — पण ते 'इख', ते विष, पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघालं होतं!

येसाबाई म्हणाल्या, "त्या बुवाला द्या. कार्डाचं उत्तर बी आना."

द्वादशीला अंतोबा माझ्या दारात. सगळी हकीकत सांगितली, डबा पुढे केला. मी मान वर केली नाही. 'लिहून पाठवतो' म्हणालो. डबा ठेवला कुठे? पोथ्यांच्या मागे, माझ्या डबीशेजारी! दोन महिन्यांनी एकदा मीही तो उघडून वास घेतला — आणि घाबरलो. डबा, डबी, दोन्ही परसात खड्डा करून पुरलं. सुटली? छे! आठव्या दिवशी नवी डबी! अशी पाच वेळा सोडली. पाचव्यांदा सोडली त्याला आता चौदा महिने झाले. तरी उत्तर लिहिलं नाही, कारण माझा मलाच भरवसा नव्हता.

परवा शिमग्याला अंतोबा भेटले. सनई चालू आहे. येसाबाई अजून खिसे तपासतात? हो! पण आता अंतोबा स्वतःच उलटे करून दाखवतात.

तेव्हा उद्या तुळशीपत्र उचलाल, तेव्हा आधी स्वतःचे खिसे उलटे करा. आपला नगारखाना कुठे आहे, ते बघा. कार्तिकीनंतर काय करणार, ते आजच विचारा. — ओ काका, खांबाजवळचे! खिशावर हात कशाला गेला? असू द्या, नाव घेत नाही! आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. माझा अंगरखा रोज धोंडोपंत तपासतात.

आज दुपारी इथे येताना तुमच्या देवळाबाहेरची लाल पेटी दिसली. उत्तराचं कार्ड लिहून चार दिवस खिशात होतं. पोस्टकार्डच — पोस्टमननं वाचलं तर वाचू दे! 'येसाबाई, तुम्ही विचारलंत तेव्हा सोडली नव्हती. आता चौदा महिने झाले. सुटतं, पण संशय सोडू नका, दोघांवरचाही.' पेटीच्या तोंडाशी हात अडला. मग सोडलं. आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि मगच ही पायरी चढलो.