सुहासताई आणि निगेटिव्हवाल्यांची यादी

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

मी दिलीप सकपाळ. इथे चारकोपमध्येच माझं स्टेशनरीचं दुकान आहे. भाषण करणारा माणूस नाही मी. त्यात सुहासताई राणे गेल्या, हे वाक्य अजून तोंडातून नीट बाहेर पडत नाही. पण मघाशी राणेकाकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दिलीप, रडगाणं नको. तुझी फजिती सांग. सुहास कायम हसायची त्यावर." काका, तुमच्यासाठी सांगतो. आज हसलात तरी चालेल, मंडळी.

आपल्या मंडळाची रक्तदात्यांची यादी तुम्हाला माहीतच आहे. ती ज्या छोट्या डबीत आहे, ती डबी ताईंची. हजेरीची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात, इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, ताई टेस्टिंगला होत्या. रिटायर होताना भंगारात निघालेलं एक मशीन मागून आणलं, तीच ही डबी. त्यात लिनक्स नावाची सिस्टिम. माऊस नाही, चित्रं नाहीत. नुसता काळा पडदा आणि टाईप करायचं. मी म्हटलं, "ताई, मोबाईलवर ठेवूया ना यादी." तर म्हणाल्या, "मोबाईल बदलशील, यादी हरवशील. गप शीक."

शिकलो. म्हणजे मला वाटलं, शिकलो.

एका दुपारी माझ्या बहिणीचा फोन. माझी भाची प्रज्ञा गोवंडीला हॉस्पिटलमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन. रक्तगट ओ निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, एक बाटली आहे, एक माणूस तयार ठेवा. बहीण रडत होती. मी म्हटलं, "अगं, यादी आहे ना आपली! पाच मिनिटं दे."

यादीत आम्ही निगेटिव्ह लिहायचो कसं? आडवी रेघ आणि पुढे इंग्रजी व्ही-ई. मी म्हटलं, आधी सगळे निगेटिव्हवाले काढू. ग्रेप म्हणजे शोधायची कमांड. ती लिहिली, अवतरणात रेघ व्ही-ई, पुढे यादीचं नाव. एंटर.

काही नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय. मला वाटलं, शोधतंय. जुनं मशीन आहे, वेळ घेणारच. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी मधूनमधून एंटर दाबत होतो, लवकर शोध म्हणून. शेवटी ताईंना बोलावलं. कोळंबी सोलता सोलता आल्या, हात तसेच. पडद्याकडे पाहिलं आणि जे हसल्या!

"मेल्या, ता काय शोधूक नाय हा. ता तुझी वाट बघता हा!"

मग समजावलं. रेघेने सुरू होणारा शब्द ग्रेपला शब्द वाटत नाही, हुकूम वाटतो. माझ्या व्ही आणि ईचे दोन हुकूम झाले. यादीचं नाव झालं शोधायचा शब्द. आणि शोधायचं कुठे, ते बिचारं माझ्याकडूनच ऐकायला थांबलं होतं.

मी म्हटलं, "पण ताई, अवतरणचिन्हं दिली होती ना!"

"ती शेल खातो रे. शेल म्हणजे गेटवरचा वॉचमन. चिन्हं काढून घेतो आणि मग आत सोडतो."

हात पुसले, शब्दाआधी वेगळं रेघ-ई टाकलं, एंटर. नावं आली! पण त्यात ओ निगेटिव्ह एकच. फोन लावला, तर तो माणूस गावी गेलेला.

ताईंच्या कपाळावर आठी. "एकच कसा? मागच्या शिबिरात तिघं आले होते. ती नावं कोणी भरली?"

मी भरली होती, मंडळी. मोबाईलवर टाईप करून, तिथून मशीनमध्ये टाकली. आणि मोबाईलने माझ्या छोट्या रेघेची मोठी रेघ करून टाकली होती. आपल्याला दोन्ही सारख्या दिसतात. मशीनला नाही. माझ्या भाचीला लागणारी माणसं मीच यादीत लपवून ठेवली होती.

मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि पुटपुटल्या, "रेघ राहू दे. ओ असलेले सगळे काढू, त्यातून अधिकचं चिन्ह असलेले वगळू. उरतील ते आपले." एका ओळीत दोन ग्रेप. उरले चार. दुसऱ्याच फोनला सदानंद तांडेल मिळाले. गोरेगावला स्टुडिओत सुतारकाम चाललं होतं, रंधा ठेवून तिथूनच निघाले. ते बघा, खांबाजवळ बसलेत. प्रज्ञा पण आलीय, मुलीला घेऊन. मघापासून माईकची वायर ओढतेय ना, तीच ती मुलगी.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला समोर बसवलं. "एका कमांडने सगळ्या रेघा बदलता येतील," म्हणाल्या, "पण तू हाताने बदल. म्हणजे लक्षात राहील." अख्खी दुपार बदलल्या मी. शेजारी बसून त्यांनी मला कोळंबीभात वाढला.

गेल्या मंगळवारी, ताईंना जाऊन पाच दिवस झाले होते, मुलुंडहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्यासाठी बी निगेटिव्ह हवं होतं. मी नेटवरून एक कमांड उतरवून घेतली. मशीनने पडदाभर इंग्रजी ओकलं. विचारायला कोणी नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि सावकाश वाचलं. कॅपिटल पी हा हुकूम ओळखत नाही, असं म्हणत होतं. मोठ्या कॉम्प्युटरच्या ग्रेपला तो कळतो. आपल्या डबीतलं ग्रेप लहान, त्याला येत नाही. पी काढला. साधा शब्द दिला. तीन नावं आली. बाईंना नंबर दिले, दोघं जण गेले, त्यांचा नवरा आता घरी आहे.

त्या दिवशी नंबर देऊन फोन ठेवला आणि मशीनसमोर बसून मी खूप रडलो. मग जेवलो.

ताई, मला येतं आता. तुम्ही नीट शिकवलंत.

मंडळी, उभे राहूया. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. छोटी काही बोलली तर बोलू दे तिला.