घरपोच मतदान

(कम्युनिस्ट राजवटीतल्या मोराव्हियातलं एक गाव, १९७६. प्रांतिक समितीच्या निवडणुकीचा दिवस. गुरांचे निवृत्त डॉक्टर ओताकार आणि त्यांची बायको व्लास्ता जेवायला बसलेत. गावच्या मतदान समितीचा यारोमीर पेटी घेऊन आत आलाय.)

ओताकार : तिथं नको, खाली ठेव. टेबलावर माणसं जेवतात.

यारोमीर : दोन मिनिटांचं काम, डॉक्टर. हा कागद, ही फट. टाकलात की मी चाललो.

ओताकार : वाचू तरी दे. ब्लाहा. आणखी कोण?

यारोमीर : आणखी कुणी नाही.

ओताकार : माझ्या गाई बऱ्या होत्या. दोन घमेली पुढ्यात ठेवली तर हुंगून एक निवडायच्या.

व्लास्ता : अहो, झालं का सुरू? टाका आणि जेवा.

ओताकार : सामुदायिक शेतीचा प्रमुख असताना या ब्लाहानं गोठ्याची घाण तळ्यात सोडली. सगळे मासे पोट वर करून तरंगले. वर मला म्हणाला, रोगानं मेले असं लिहून द्या. नाही दिलं, तर मुदतीआधी घरी बसवलं मला. त्याला मत देऊ?

यारोमीर : मत कुठं देताय? कागद टाकताय. आणि तुमची हाना शाळेत अजून कायम व्हायचीय ना?

व्लास्ता : ऐकलंत? लेकीसाठी तरी टाका. मी दर वेळी टाकते. हात नाही झडला माझा.

ओताकार : टाकतो. पण मतदानाच्या जागी येऊन, पडद्याआड जाऊन.

यारोमीर : पडद्याआड कोण जातं?

ओताकार : मग टांगलाय कशाला?

यारोमीर : असावा लागतो म्हणून. समोर बाकं लावलीत आम्ही. जायला वाटच नाही.

ओताकार : सरकवीन. व्लास्ता, माझा कोट दे.

यारोमीर : डॉक्टर, बसा. तिकडं येऊ नका.

ओताकार : का?

यारोमीर : तुमचं मत पडलंय. सकाळीच. शेजारच्या गावानं शंभर टक्के मतदान झाल्याचं कळवलं, मग आम्हीही कळवून टाकलं. आता तुम्ही आलात तर मी वर काय तोंड दाखवू?

ओताकार : म्हणजे मत मागायला आलाच नव्हतास तू. मी घरात बसावं म्हणून आलास. चोर परवडला रे. तो निदान ज्याच्याकडं चोरी केली त्याच्या दारात गयावया करत नाही.

व्लास्ता : आणि माझं?

यारोमीर : काय, काकू?

व्लास्ता : माझं मत. मी जेवण आटोपून येणार होते.

यारोमीर : तुमचंही टाकलं. तुम्ही काय, टाकणारच होता.

व्लास्ता : टाकणारच होते.

यारोमीर : मग झालं तर. तुमची खेप वाचली.

व्लास्ता : इतकी वर्षं मान खाली घालून तो कागद टाकत आले, यारोमीर. निदान मान खाली घालायला तरी मला बोलवायचं होतंस.

यारोमीर : काकू, हानाचा विचार करा.

व्लास्ता : तोच करतेय. सरक, दार अडवू नकोस.

ओताकार : तू राहा, व्लास्ता. मी एकटा जाऊन येतो. तिची नोकरी गेली तर शिव्या मला बसू देत.

व्लास्ता : हानाला मी सांगेन. म्हणेन, तुझी आई आज पहिल्यांदा मत द्यायला गेली होती.