तपासून दिलेली कार्डं

नाही, पण मी म्हणतो, यात माझं काय चुकलं? साधं तर काम होतं. बायकोची परीक्षा, तिला पाठांतराला कार्डं हवीत, पुढे प्रश्न, मागे उत्तर, हातात मावतील एवढी... संपलं. बायको माझी नर्स, आणि परीक्षा वॉर्डाची मुख्य सिस्टर व्हायची. आता तुम्ही म्हणाल, जन्मभर हेच करणाऱ्या बाईला पाठांतर कशाला? अहो, येतं तिला सगळं, झोपेतून उठवून विचारा. पण तोंडी परीक्षेत समोरचे साहेब चष्म्यावरून बघतात आणि नुसतं म्हणतात, 'नक्की?'... की हिची उडालीच गाळण. बरोबर दिलेलं उत्तर बदलते. दोनदा अशीच नापास झाली. या खेपेला म्हणाली, 'अहो, यंदा नाही जमलं तर मी परत नाव काढणार नाही.' हसत म्हणाली, पण तिचं ते हसू मी ओळखतो. वाईट वाटलं मला.

म्हणून लेकीला फोन लावला. ती शिकायला परगावी असते, कॉम्प्युटरवर हात बसलाय तिचा. म्हणाली, 'बाबा, साधी टेक्स्ट फाइल करा. एका ओळीत प्रश्न, खालच्या ओळीत उत्तर, मग एक ओळ मोकळी, नुसतं टाइप करत जा. मी छोटासा प्रोग्राम पाठवते, त्यात फाइल टाकली की कार्डांची पानं तयार. आणि बाबा... बाकी कशाला हात लावू नका.' बघा. ज्या बापाची हयात फरशीच्या कारखान्यात तपासणीवर गेली, ज्याच्या नजरेखालून एक वाकडी फरशी कधी बाहेर पडली नाही, त्याला म्हणे हात लावू नका.

तर बायको सांगत गेली, मी एका बोटाने बडवत गेलो, फाइल झाली, पानं आली. आणि मी आपला सवयीने तपासायला बसलो. स्क्रीनवर प्रश्नांचं पान, शेजारी उत्तरांचं पान, आणि बघतो तर काय, डावीकडच्या प्रश्नाचं उत्तर उजवीकडे, उजवीकडच्याचं डावीकडे, सगळा उलटा कारभार. म्हटलं, पोर आहे, चुकते. प्रोग्राममध्ये एक खूण होती, 'मागचं पान उलट लावा', ती काढून टाकली, की सगळं सुतासारखं सरळ. साधं तर काम होतं. दुकानात जाऊन पाठपोट छापून घेतलं, कापलं, आणि वर बायकोला ऐटीत सांगितलं, 'मी स्वतः तपासलंय.'

आता कागद पालटला की डावं उजवीकडे जातं, म्हणून पोरीनं ते मुद्दामच उलट लावलं होतं, हे मला कुणी सांगितलं होतं का? फरशी काय कुणी मागून बघतं?

बरं, प्रश्न विचारायला बसली कोण, तर आमची आई. छापलेल्या अक्षरावर आईचा एवढा विश्वास, की कालनिर्णय नसला तर तिला वारच उजाडत नाही. पहिलं कार्ड. 'बेशुद्ध रुग्णाचं सगळ्यात आधी काय बघावं?' बायको म्हणाली, 'श्वास आणि नाडी.' आईनं कार्ड पालटलं. 'चूक. चादरी आणि उशांचे अभ्रे, मोजून.'

'अहो आई, ते धुऊन आलेल्या कपड्यांचं...'

'छापलंय इथे. त्यानं तपासलंय.'

दुसरं कार्ड. 'नातेवाइकांना कसं भेटू द्यावं?' 'एका वेळी दोघांना.' 'चूक. वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून.' आणि वर मान डोलावते, 'असतात काही तसे.'

तुम्ही हसताय, पण बायकोचा चेहरा बघायला हवा होता. एवढंसं तोंड करून मला विचारते, 'अहो, नियम बदलले असतील का हो?' आणि मी... मी म्हणालो, 'मी तपासलंय ना.' आईनं तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, 'नक्की?'

बस्स. बायको उठून उभी राहिली. 'आई, कार्ड चुकीचं आहे, तुमचा मुलगा चुकीचा आहे, आणि मी बरोबर आहे. विचारा पुढचं.' आणि मग जी जुंपली दोघींची, विचारू नका. आई 'चूक' म्हणते, ही 'बरोबरच' म्हणते, आवाज चढतोय, पण उत्तर काही बदलत नाही. मी खाली मान घालून लेकीला फोन केला, तिनं हसून घेतलं, म्हटलं नवी छापतो, तर बायको म्हणाली, 'हात लावू नका. हीच हवीत.' परीक्षेपर्यंत रोज तोच तमाशा.

परीक्षेत साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. 'नक्की?' ही म्हणाली, 'नक्की, साहेब. यावर मी सासूशी भांडून आलेय.' झाली पास. पेढे घेऊन घरी आली, आईच्या गळ्यात पडली, आणि आई काय म्हणते? 'पास झालीस ते ठीक, पण छापलेलं वेगळं आहे हो.'

आता तिच्या वॉर्डातल्या सगळ्या जणींना कार्डं हवीत, आणि तसलीच हवीत. ज्यानं जन्मभर चुका पकडल्या, तो आता बसून चुका जुळवतो. आणि तपासायला कोण, तर आमच्या मुख्य सिस्टर. काल पूर्ण गठ्ठा चाळला, एक कार्ड बाजूला काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, 'अहो, हे एक बरोबर आलंय. परत छापून आणा. साधं तर काम आहे.'