दादाची पोलीस चौकशी

पोलीस चौकशीले तुम्ही हसून राहिले, पण आमच्या दादाच्या चौकशीचं ऐका गा. दादा कुवेतले वायरमन होता. तिथल्या विमानतळावर त्याले कंत्राटी काम मिळून राहिलं होतं, पण त्याच्यासाठी आपल्या एम्बसीमार्फत नागपूरच्या घरची पोलीस चौकशी लागे.

हवालदार आमच्या महाल मोहल्ल्यातल्या घरी आला, चहा पेला आन् म्हणाला, "वडिलांले बोलवा."

मी म्हटलं, "ते पोळ्याच्या आधीच वारले, साहेब."

"पोरानं तर अर्जात हयात लिहिलं आहे!"

आई म्हणाली, "त्याले सांगतलंच नाही. काम सोडून येईल नं तो."

लय हात जोडले, पण अख्ख्या नागपुरातला प्रामाणिक हवालदार नेमका आमच्याच वाट्याले आला. त्यानं खरं तेच कळवलं.

महिन्याभरानं शेजारच्या डॉक्टरकडे दादाचा फोन आला. आईनं घेतला. दादा इतका ओरडून राहिला होता, का मलेही ऐकू येई.

"आई, हा एम्बसीतला साहेब म्हणते, बाप मेला तरी जिवंत काहून लिहिला? मी म्हटलं, तुमचे पोलीस खोटारडे! तू बाबाले फोन दे, साहेब इथंच बसला आहे."

आईनं फोन माझ्या हातात देला. एरवी बाबाचा आवाज मी हुबेहूब काढत होतो, सारा मोहल्ला फसे. तोंड उघडलं, तर माझाच आवाज निघाला.

"दादा, पोलीस खरं बोलून राहिले."