बॉबच्या मशीनला शेक

अरे, माझी आई मुंगीसुद्धा मारू देत नाही, माहितीये ना? तिचाच पराक्रम ऐका.

इथे कॅनडात, मिसिसागात आमच्या शेजारी बॉब राहतो. एकटा, रिटायर्ड. मी टूरवर असलो की आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता शोव्हल करून टाकतो. त्याला घरी शिसं ओतून बंदुकीच्या गोळ्या बनवायचा नाद आहे. हे मी आईपासून लपवलं होतं.

मागच्या विंटरमध्ये आई नागपूरहून आमच्याकडे आली होती, तेव्हा त्याला लाडू द्यायला माझ्यासोबत थेट त्याच्या गॅरेजमध्ये शिरली. बॉब एका मशीनशी झगडत होता. त्यात गोळ्या एका मापाच्या होतात आणि त्यांच्या खाचांत मेण भरलं जातं. पण मशीनचा हीटर गेला होता आणि थंडीने मेणाचा दगड झाला होता.

"काय करतोय हा?"

खोटं सुचेना. खरं सांगून टाकलं.

"मारतो कोणाला?"

"कोणालाच नाही गं. क्लबमध्ये कागदावर नेम धरतो."

मला वाटलं, आता लाडू परत नेते. आई म्हणाली, "थांब."

घरून गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून आणली, मशीनला लावली आणि वर स्वतःचा मफलर गुंडाळला. थोड्या वेळाने मेण सरकायला लागलं.

"टेल युअर मॉम आय लव्ह हर!" बॉब ओरडला.

मी आईला सांगितलं, "थँक्यू म्हणतोय."

नागपूरला परतताना ती पिशवी त्यालाच देऊन गेली. आता फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "थंडी पडली का रे? बॉब मशीन शेकतोय ना?"

माझ्या तब्येतीचा नंबर त्यानंतर.