घट्ट चेन

नल्लकुंट्याच्या गॅरेजवर मी पंक्चर काढायला थांबलो होतो. शेजारी मोटरसायकलवरून बाप-लेकीची जुंपली होती. एवढ्या मोठ्यानं भांडायचं आणि लोकांनी ऐकू नये म्हणायचं, हे मला पटत नाही. मी ऐकलं.

"तू चालवायला लागलीस आणि गाडी कडकड करायला लागली. बस झालं, माधवी. उद्यापासून बसनं जा."

"पप्पा, सिकंदराबादला सहाची ड्युटी आहे. तेवढ्या सकाळी बस कुठंय? नोकरी सोडू?"

"सोड."

"आधी हे बघा. चाक फिरवते. चेन इथं ताठ, आणि अर्ध्या फेरीनंतर लोंबते. सगळीकडं सारखी ताणलेली नाही."

"तूच ताणलीस."

"मी? दर रविवारी पाना घेऊन कोण बसतं?"

"सैल चेन उतरते, बाई. तू पडशील म्हणून आवळतो."

"इतकी आवळता की तिला हलायला जागाच राहत नाही. मग स्प्रॉकेट झिजतं. हे दात बघा, मांजराच्या नखासारखे वाकलेत."

"यूसुफभाई, तुम्ही मेकॅनिक, तुम्ही तरी सांगा हिला!"

"बेटी सई बोल रई, अंकल. पूरा सेट बदलना पडता. नई चेन को दो उंगल का खेल रखो."

"दोन बोटं? एवढी ढिली?"

"हौ, पप्पा. एवढी."

"बदला मग."

"आणि माझी नोकरी?"

"सहाला पोचायचं तर साडेपाचला निघ. आणि हा पाना तुझ्याबरोबर घेऊन जा. घरात राहिला की मी आवळणारच."